मेडल भिंतीच्या पल्याड

आमच्या घराच्या अन् थोरल्या जावंच्या घराच्या मधी एक भिंत हाय. आधी मातीची व्हती, आता इटांची केली, पण उंची तेवढीच ठेवली. मी चुलीपासून उठून उभी राह्यले की मपलं डोकं तिच्या अंगणातून दिसतं अन् तिचं मह्या अंगणातून. वाटण्या झाल्यापास्नं आमी दोघी त्या भिंतीवरूनच बोलतोत. तिच्या घरात काय शिजलं ते मला वासावरून कळतं, अन् मह्या घरात काय शिजलं न्हाई ते तिला कळतं.

ह्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळी पल्याड फटाके वाजले. मी भाकर तव्यावर टाकलेली. वाटलं, कुणाचं लगीन ठरलं. उभी राहून बघितलं तर जावंचा लेक कानाला मोबाईल लावून अंगणात फिरायलता अन् मोठ्यानं सांगायलता, पोरगी कॉलेजात पहिली आली, गोल्ड मेडल हाय. शेतीचं कॉलेज ते, परभणीला. चार वर्सं शिकावं लागतं. मपली नात बी त्याच कॉलेजात, त्याच वर्गात. तिचा निकाल बी त्याच सकाळी लागला. ती मह्याजवळ चुलीपुढं येऊन बसली अन् हळूच म्हणली, आज्जी, मी बी पास झाले, फस्ट क्लास. मी तिला तव्यावरची भाकर दिली, वर तेल-चटणी दिली. आमचा फटाका तेवढाच.

मला जळल्यासारखं झालं. खोटं कामून बोलू. चुलीजवळ बसलेल्या माणसाला जशी एका बाजूनं धग लागती तशी भिंतीच्या बाजूनं धग लागायलती.

आमच्या दोघींचं लगीन एकाच मांडवात झालं. दोन भाऊ, दोन नवऱ्या, एक जेवणावळ. मोत्याच्या मुंडावळ्या एकच जोड भेटल्या, त्या थोरलीला बांधल्या. मला कागदाच्या बांधल्या, त्या घामानं कपाळाला चिकटल्या अन् त्यांचा रंग उतरला. तवापास्नं तसंच चाललं. वाटणीत इहिरीचा तुकडा तिकडं गेला, मुरमाड आमच्याकडं आलं. तिला मालक राह्यला, अजून बसतो पारावर. मपला मालक काविळीनं गेला तवा लेक कडेवर व्हता. मग मी सेलूला जिनिंगात जाऊ लागले. कापसातला कचरा, पिवळं बोंड येचून काढायचं. तोंडाला फडकं बांधलं तरी कापूस आत जायचाच. घरी आले की खोकला सुटायचा. थोरली सकाळी भिंतीवरून म्हणायची, किती खोकतीस गं धाकले, आमची लेकरं उठतेत. तिच्या बोलण्यात काळजी किती अन् टोमणा किती ते मला आजवर कळलं न्हाई. मी त्याच्यावर रडत बसले न्हाई. रडायला बसलं की हातातलं काम राहतं. पण मनात एका बाजूला ठेवत गेले.

दोघींच्या नाती एकाच पावसाळ्यात झाल्या. तिची आधी, मपली मागून. एका शाळेत गेल्या, सेलूच्या बसला एकमेकींची जागा धरत गेल्या, शेतीच्या कॉलेजात बी संगंच नंबर लागला. त्या दोघींत वैर न्हाई. एकीच्या डब्यातलं दुसरी खाती. वैर सगळं मह्यापाशी हाय, अन् मी ते कुणाला देत न्हाई. जावंची नात गुणाची हाय. दिसली की पाया पडती, छोटी आज्जी म्हणती. पोरीत खोट असती तर मला सोपं गेलं असतं.

निकालाच्या रोजी जेवताना मह्या लेकानं पोरीला सांगितलं. तो वाईट न्हाई, पण बोलतो ते मोजकं बोलतो.

"परभणीलाच सरकारी सीट लागली तर पुढचं शीक. दूर मी पाठवणार न्हाई, मला जमणार न्हाई. न्हाई लागली तर जिंतूरकडचं स्थळ हाय. पोरगा बरा हाय. तुळशीचं लगीन झालं की उरकून टाकू."

पोरगी हां पप्पा म्हणली अन् ताट घेऊन उठली. नंतर पोरीनं मला समजून सांगितलं. यमेस्सीला जायला एक येगळी परीक्षा असती. साऱ्या महाराष्ट्रातली पोरं देतेत, अन् परभणीला जागा थोड्या. मी दुसरीपर्यंत शिकलेली. बसची पाटी वाचता येती, तेवढंच. पण मला एवढं कळलं की एकाच गल्लीतल्या दोन पोरींना थोड्या जागांमधी जायचंय, अन् त्यात एकीच्या गळ्यात मेडल हाय. दारात उभं राहून घेणाऱ्यानं आधी कुणाला घ्यावं? मी असते तर मी बी मेडलवालीलाच घेतलं असतं. तेच मला खुपायलतं.

आमच्याकडं सत्काराचं एक येडच हाय. कुणी पोलीस झालं, कुणी मास्तर झालं, कुणी सोसायटीवर निवडून आलं, की शाल, नारळ, फेटा. लग्नात तर नवरा-नवरी ताटकळत उभे अन् माइकवर पाव्हण्यांचे सत्कार चालू. अक्षता मुठीत भिजून जातेत, मुहूर्त टळतो, पण सत्कार टळत न्हाई. थोरलीच्या नातीचं मेडल तर अजून आलंबी नव्हतं. ते पुढं पदवी देतेत तवा भेटणार व्हतं. नुसती बातमी आल्ती. पण त्या बातमीलाच फेटे बांधायला सुरुवात झाली.

पहिला सत्कार गावात पारावर. गावातल्या सवाशिणी बोलावल्या, पोरीला पाटावर बसवलं, ओवाळलं. थोरलीनं सगळ्यांच्या आधी ओवाळलं. मी इधवा, मी मागं भिंतीला टेकून बसले. कुंकवाचं ताट मह्यापुढून सरकून जाणं काही नवं न्हाई, लय वर्सं जायलंय. पण त्या रोजी ते जरा जास्तच जवळून गेल्यासारखं वाटलं. मग फाट्यावर बॅनर लागला. पोरीचा फोटो माणसाएवढा, खाली गावातल्या बापयांची बारीक बारीक डोकी, त्यात जावंच्या लेकाचं डोकं थोडं मोठं. सेलूच्या बाजाराला जाताना मी बसमधी मुद्दाम पल्याडच्या बाजूला बसायची. तिकडं नुसत्या बाभळी. मग मान आपसूक फिरायची अन् बॅनरच दिसायचा. वारं सुटलं की बघायची, फाटतो का. फाटला न्हाई. कापड चांगलं व्हतं.

त्याच्यामागं तिच्या मामाच्या गावी सत्कार. मग सेलूला. मग भावकीतली लग्नं सुरू झाली, अन् प्रत्येक लग्नात माइकवर तिचं नाव. पोरगी नवी साडी नेसून जीपात बसायची, संध्याकाळी फेटा हातात धरून उतरायची. घरात नारळांची रास झाली. थोरली भिंतीवरून एक एक नारळ द्यायला लागली.

"घे गं धाकले, आमच्यात आता कुणी खाईना."

मी घ्यायची. नको म्हणलं असतं तर तिला कळलं असतं. सून त्याची चटणी करायची, सगळे खायचे. मला दात न्हाईत म्हून मी ती ताटात घेत नव्हते. भाकरीला दात व्हते. एक रोज तिनं एक शाल बी दिली, सत्कारातली, पिवळी, काठाला जर. थंडीत पांघर म्हणली, आमच्यात लय झाल्या. मी घडी घालून पेटीत ठेवली अन् पेटीवर दळणाचा डबा ठेवला.

मपली नात ह्या सगळ्यात कुठंच नव्हती. ती पत्र्याच्या खोलीत, पऱ्हाटीच्या ढिगाशेजारी बसायची. उन्हानं पत्रा तापायचा, ती ओलं फडकं डोक्यावर टाकून वाचायची. कुणी तिला बोलवत नव्हतं, म्हून तिला कुठं जायचं नव्हतं. मला ते बघवत नव्हतं. एका पोरीला फेटा अन् एका पोरीला ओलं फडकं.

मग मह्या माहेरच्या भावकीतलं लगीन आलं, पूर्णेला. नवरीचा बाप मपला चुलतभाऊ. म्हणलं, हे तर आपल्या हातातलं हाय. मी पोरीला म्हणलं, चल, तुझं बी नाव माइकवर घ्यायला लावते. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणली, "आज्जी, माइकवर नाव घेतल्यानं सीट लागती का?"

मी म्हणलं, तिची लागंल बघ.

"तिची बी न्हाई लागत. तिला बी परीक्षाच द्यावी लागती."

मला वाटलं, पोरगी मपलं मन राखायला म्हणायली. मी एकटीच गेले, सेलूवरून पॅसेंजरनं. मांडवात शिरल्याबरोबर भावाला बाजूला घेतलं अन् म्हणलं, मपल्या नातीचं बी नाव घे, ती आली न्हाई तरी घे. त्यानं इचारलं, मेडल हाय का? मी म्हणलं, फस्ट क्लास हाय. तो मान खाजवत म्हणला, बाई, फस्ट क्लासवाले तर इथं वाढप्यात बी निघतील. अन् गेला पाव्हण्यांकडं. मह्या माहेरच्या मांडवात, मह्या भावाच्या माइकवर, थोरलीच्या नातीचा सत्कार झाला. थोरली पुढच्या खुर्चीत बसल्ती. मह्याशेजारच्या बाईनं मला इचारलं, तुमच्याबी घरात एक हाय न्हवं शिकलेली, तिचं काय चाललंय? म्हणलं, घरी हाय. ती म्हणली, मग लगीन उरकून टाका की.

मी वर स्टेजकडं बघितलं. पोरीला फेटा मोठा झालता, तो डोळ्यावर उतरायलता. ती एका हातानं फेटा वर करायलती अन् दुसऱ्या हातानं नारळ सांभाळायलती. गळ्यातल्या हारानं मान खाजायली असंल, पण हात मोकळा नव्हता.

येताना जीपात तिला मळमळायलं म्हून ती मह्यासंग पॅसेंजरमधी बसली. थोरलीला ते आवडलं न्हाई, पण उलटीपुढं तिचंबी काही चाललं न्हाई. दुपारची गाडी, डबा मोकळा. पोरगी खिडकीला डोकं टेकवून बसली. परभणी मागं गेल्यावर तिनं मला इचारलं, "छोटी आज्जी, ती आता वाचत बसली असंल ना?"

मी म्हणलं, व्हय, पत्र्याच्या खोलीत.

"बरं हाय तिचं," ती म्हणली. "तिला कुणी नेत न्हाई."

तिच्या आवाजात जे व्हतं ते मला लगेच वळखू आलं. मह्यापाशी ते लय वर्सांचं हाय, मी कसं वळखणार न्हाई. मला वाटलं, ही कामून मह्या नातीवर जळायली, हिच्याकडं तर सगळं हाय. घरी येईस्तोवर मी तेच धरून बसले. गाडीतच मधी तिला इचारलं, परीक्षेचं वाचलं का? म्हणली, थोडं. घरचे म्हणतेत, मेडल असल्यावर परीक्षेचं काय एवढं, मेडलवालीला कोण न्हाई म्हणतंय. मला बी तसंच वाटायलतं. मेडलाचा एवढा भरवसा थोरलीच्या घराला व्हता अन् मला व्हता, बाकी कुणाला व्हता ठाऊक न्हाई.

परीक्षेला दोघी एकाच बसनं गेल्या. संध्याकाळी मपली आली अन् तिनं च्या मागितला. दोन कप प्याली. जावंची आली ती सरळ आत गेली अन् दार लावलं. थोरली भिंतीवरून म्हणली, उन्हानं डोकं दुखायलंय तिचं. मी म्हणलं, असंल.

पुढं त्या परीक्षेचा निकाल आला. मपलीला चांगले मार्क पडले, थोरलीच्या नातीला कमी. मपल्या घरात त्या रोजी सून हसली, लेक बी हसला. मला हसू येईना. मी म्हणलं, मार्क असू द्या, मेडल हाय ना तिच्याकडं. ते कुठं जातंय. नात म्हणायली, आज्जी, तसं नसतं. मी म्हणलं, मह्या जन्मात तसंच असतंय.

कागद तपासायला पोरीला परभणीला इद्यापीठात बोलावलं. लेकाची फवारणी चालल्ती म्हून मी संगं गेले. लय मोठी जागा, नुसती झाडं अन् शेतं, हाफिस कुठंय ते इचारत इचारत गेलो. पोरगी आत रांगेत लागली. मी बाहेर कडुलिंबाखाली बसले. तिथं एक सर उभे व्हते, चष्मा, हातात च्याचा कप. बोलायला चांगले वाटले. मी म्हणलं, साहेब, एक इचारू का.

म्हणले, विचारा ना आजी.

मी त्यांना सांगितलं, आमच्या गल्लीत दोन पोरी हायत. एकीला गोल्ड मेडल, एकीला परीक्षेत जास्त मार्क. सीट एकच उरली तर कुणाला देता?

ते म्हणले, पदवीचे मार्क धरतात, परीक्षेचे धरतात, दोन्हीची बेरीज करतात. मग जिची बेरीज जास्त तिला.

"अन् मेडलाचे?"

"मेडलाचे वेगळे काही नाहीत."

मला खरं वाटंना. मी परत इचारलं, मग देता कशाला मेडल?

ते हसले. "आजी, पदवीला सगळ्यात जास्त मार्क पडले म्हणूनच मेडल दिलं ना. ते मार्क तर बेरजेत धरलेलेच आहेत. एकदा धरलेलं पुन्हा कसं धरायचं?"

हे मला पटलं. एका पायलीला दोनदा कसं मापायचं. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना म्हणलं, मग तर ते मेडल नुसतं भिंतीलाच टांगायचं. त्यांनी च्या संपवला अन् म्हणले, तसं बी नाही हं आजी. पुढं नोकरीच्या मुलाखतीला, कुठं बाहेरदेशी शिकायला जायचं झालं, तर विचारतात. मेडलवाली म्हटलं की समोरचा जरा नीट बसतो. जन्मभर नावामागं राहतं ते.

झालं. जन्मभर म्हणले. पोरगी कागद तपासून खुशीत बाहेर आली तर मी कडुलिंबाखाली तोंड पाडून बसलेली. तिनं इचारलं, काय झालं? म्हणलं, काही न्हाई, चल, बस जाईल.

कापूस येचायलो तवा यादी लागली. मोबाईल पोरीच्या कमरेला बांधलेल्या वट्यात व्हता. वाजला तसा तिनं बोटं लुगड्याला, मह्या लुगड्याला, पुसली अन् बघितलं. बघितलं अन् बांधावर बसली. आमी तिघं हातात कापूस धरून उभे. लेकानं इचारलं, काय?

"परभणी," ती म्हणली. "कीटकशास्त्र. सरकारी सीट."

तिला बियाण्यांचं शिकायचं व्हतं, ते भेटलं न्हाई, किड्यांचं भेटलं. पण परभणी भेटलं. लेकानं हातातला कापूस पोत्यात टाकला. मग म्हणला, आता त्या जिंतूरवाल्यायला काय सांगायचं?

मी म्हणलं, सांग, पोरगी किड्यायमागं गेली.

तो हसला, सून वट्यातला कापूस सांडून हसली. पोरगी मात्र रडायली. मी तिला म्हणलं, रड, पण कापूस भिजू देऊ नको, भाव उतरतो.

त्या यादीत थोरलीच्या नातीचं नाव परभणीला नव्हतं. लांब कुठं तरी एका खाजगी कॉलेजात लागत व्हतं. तिच्या घरचे म्हणले, नको, एक वरीस घरी बसून परत परीक्षा देईल. हे आइकल्यावर मला आनंद व्हायला पाह्यजे व्हता. झाला बी. पण लगेच मनात आलं, हिला एक वरीस घरी बसायची मुभा हाय. मह्या पोरीला तुळशीच्या लग्नापुढं एक दिवस नव्हता. तिची सीट हुकली तर वरीस जातं, मपलीची हुकली असती तर जिंदगी गेली असती. दोघींनी एकच परीक्षा दिली म्हणतेत. एक कुठली?

पल्याडून आवाज बंद झाला. नारळ बंद झाले. मग एक दिवस मी भाकरी थापायले अन् भिंतीवर थोरलीचं डोकं आलं. तिनं भिंतीवरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणली, "धाकले, त्या परीक्षेत काय काय इचारतेत गं?"

म्हणलं, मला काय ठाऊक, मी दुसरी शिकलेली.

"तसं न्हाई. तुपल्या पोरीला इचार, आमच्यावालीला जरा सांगती का. कसं वाचलं, काय वाचलं."

साऱ्या जन्मात थोरलीनं मह्याकडं काही मागितलं नव्हतं. तिला मागावं लागंल असं काही मह्याकडं नव्हतंच. मी भाकर तव्यावर टाकली, पाणी लावलं, उलटली, पदर सुटू दिला. भाकर फुगली. मग म्हणलं, इचारते. तेवढी भाकर मला लय गोड लागली. नात तर आधीच पुस्तकं द्यायला निघाल्ती. मी म्हणलं, दे, पण उद्या दे.

हॉस्टेलला जायच्या रोजी सूनबाईनं ताट केलं. हळद, कुंकू, निरांजन, सुपारी. पोरीला पाटावर बसवलं. अन् सून भिंतीजवळ जाऊन म्हणली, मोठ्या आत्याबाई, या, ओवाळायला. घरातली थोरली सवाशीण तीच. रीतच तशी हाय, सुनंचं काही चुकलं न्हाई. पण मह्या छातीत परत ती धग सुरू झाली. सीट मह्या नातीची, खोकला मपला, मुरमाड मपलं, अन् ओवाळणार ही. मी आपली जागा बघून भिंतीला टेकले.

थोरली आली. गल्लीतल्या पाच-सात बायका बी आल्या. तिच्यामागं तिची नात आली, हातात वह्या, मपलीनं दिलेल्या. ती मपलीच्या कानात काही बोलली, दोघी हसल्या. थोरलीनं ताट उचललं, पोरीकडं बघितलं, मग आपल्या नातीकडं बघितलं. अन् ताट घेऊन सरळ मह्यापुढं आली.

"मह्या हातानं ओवाळलेलीचं काय झालं बघितलंस ना," ती म्हणली. "धर. तूच ओवाळ."

मी म्हणलं, आक्का, मला चालत न्हाई.

"चालतंय. धर म्हणलं ना. तेल सांडंल."

राग व्हता का माया व्हती, तिच्या तोंडावरून मला कळलं न्हाई. खोकल्याच्या टायमाला बी कळलं नव्हतं. मी ताट धरलं. मालक गेल्यापास्नं पहिल्यांदा कुंकवात बोट घातलं. पोरीच्या कपाळाला लावलं, तांदूळ लावले, ओवाळलं. निरांजनाची ज्योत हलली न्हाई. जिनिंगात येचून येचून हात तेवढे स्थिर झालेले हायत. पोरगी मह्या पाया पडली, मग थोरलीच्या पडली. मी पेटी उघडली अन् ती पिवळी शाल काढून तिच्या पिशवीत घातली, म्हणलं, हॉस्टेलात अंथरायला व्हईल. थोरलीनं शाल वळखली.

आमी फाट्यावर सोडायला गेलो. बॅनर अजून व्हता, थोरलीच्या नातीच्या फोटोचा रंग उतरल्ता, पण नाव वाचू येत व्हतं. बस त्याच्या खालून गेली.

तवापास्नं गावात एकच बोलणं चाललंय. पिठाच्या गिरणीवर जा, नळावर जा, बायका तेच सांगतेत, थोरलीचं मन किती मोठं बघा, सगळ्यांदेखत इधवा जावंच्या हातात ताट दिलं. लांबच्या पाव्हण्यांपर्यंत गेलंय ते. मी आइकते अन् घागर भरून घेते. मपल्या नातीला सीट लागली, त्याचा इषय अजून एकीनंबी काढला न्हाई.